हातचा

याकोमिना कधी बोटांवर मोजायची नाही.
बोटं तिला लागायची कागदी पट्टी धरायला,
पाच भोकांची, जी यंत्रात शिरायची
आणि पलीकडे टोपलीत गुंतून पडायची
लोकरीसारखी.

मी डाख लावणारा पोऱ्या.
अॅमस्टरडॅम, गोदीमागची बंद पडलेली शाळा,
एक शेगडी, बाराशे रिले.
पहिल्याच दिवशी तिने विचारलं,
"बास्टियान, हातचा कुठून जातो ते दाखव."
मी लाल तार दाखवली.

एक आणि एक. दोन म्हणायला यंत्राकडे जागा नाही,
म्हणून शून्य लिहायचं
आणि न मावलेला एक शेजारच्या घरात द्यायचा.
शेजारीही भरलेला असेल तर त्याच्या शेजाऱ्याला.
सगळीच घरं भरलेली असली
की हातचा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचा,
खट खट खट खट,
बांधावरून कोणी लाकडी बुटांनी पळत जावं तसा.
ती डोळे मिटून ऐकायची.
"अकराव्या घरात लंगडतोय."
बघितलं, तर माझाच कच्चा डाख.

तिचे वडील झीलंडात बांधराखे.
दिवसातून दोनदा पाण्याची उंची वहीत, पेन्सिलीने.
शाळेत जायच्या आधीच तिला 'उणे' कळलं होतं:
घराचा उंबरा, उणे दीड मीटर.

त्रेपन्नच्या जानेवारीची शेवटची रात्र.
भाऊ छपरावर होता, आईचा हात त्याच्या हातात.
पहाटे केव्हातरी बघतो तर
हातात नुसता हातमोजा.
हे तिने मला एकदाच सांगितलं,
नव्या पोरींना हातचा म्हणजे काय ते शिकवून झाल्यावर,
फळा पुसता पुसता.

नवव्या दिवशी परत आली. बुटांना वाळलेला गाळ.
कोट न काढता बसली
आणि उत्तर समुद्राचे चौकोन पाडले.
प्रत्येक चौकोनाला एक घर यंत्रात,
वाऱ्याचा जोर, तळाची खोली, चंद्र,
आणि न मावलेलं पाणी
शेजारच्याला.

एकोणीस रात्री यंत्र चाललं.
मी शेगडीत पोर्टरच्या खुर्च्या जाळल्या.
मग मंत्रालयातून तिघे आले, टोप्या हातात,
म्हणाले, किती उंच बांध म्हणजे सुरक्षित?
ती म्हणाली, "सुरक्षित हा आकडा नाही.
किती वर्षांतून एकदा बुडायचं ते तुम्ही ठरवा.
उंची मी सांगते."
बराच वेळ कोणी बोललं नाही.
एकाने चहा मागितला.

तिचा छापलेला निबंध एकच, चार पानी:
मोठ्या बेरजेतसुद्धा हातचा सहसा लांब जात नाही.
चाळीस घरं असली तरी पाचेक घरं जातो, थांबतो.
'सहसा' हा शब्द तिने दोनदा खोडला,
तिसऱ्यांदा ठेवला.

यंत्र पुढे किलोवर गेलं. तांब्याला बरा भाव होता.
लाल तार मी काढून घेतली, ती आहे
स्वयंपाकघरात, सुतळीच्या खणात.
दुकानाच्या बिलावर बेरीज करताना
मी हातचा अजून वर लिहितो, बारीक.
तिने कधी लिहिला नाही.
म्हणायची, लिहिला की माणूस सोडून देतो,
धरून ठेवायचा.

गेल्या वर्षी नातीने मला बांधावर नेलं.
मेंढ्या होत्या, आणि एक पोरगा पतंग सोडवत होता.
तिचं नाव कुठेही नाही.
उंची आहे, निळ्या पाटीवर,
आणि शेवटचा दशांश चुकीचा रंगवलाय.
असती तर हसली असती.
नाही, हसली नसती.
रंगाचा डबा घेऊन आली असती.